विनाचालक गाड्यांसाठी रस्त्यात जागा राखावी का? २४ मीटरच्या एका डीपी रस्त्याचा हिशेब

प्रश्न एका महापालिकेच्या रस्ते विभागातल्या कनिष्ठ अभियंत्याचा आहे. २४ मीटर रुंदीच्या एका डीपी (म्हणजे शहराच्या विकास आराखड्यातल्या) रस्त्याचा आराखडा त्यांच्याकडे तपासायला आला आहे. सल्लागाराने दोन्ही बाजूंना एकेक लेन ‘स्वयंचलित वाहनांसाठी राखीव’ दाखवली आहे, ठरावीक अंतरावर सेन्सरचे खांब सुचवले आहेत आणि मुख्य चौकाजवळ बहुमजली पार्किंगची इमारत. ‘पुढच्या वीस वर्षांचा विचार करा असं वरून सांगितलंय. यातलं काय ठेवू आणि काय काढू?’

लेन काढा. सेन्सर काढा, पण जमिनीखालचे पाइप टाकून घ्या. पार्किंगच्या इमारतीबद्दल शेवटी सांगतो. आणि फुटपाथला लागून जी दोन-सव्वादोन मीटरची पट्टी असते, जिला अशा आराखड्यांत बहुधा एक ओळही मिळत नाही, तिच्यावर तुमचा बहुतेक वेळ घालवा. विनाचालक गाड्या आल्याच तर खरी ओढाताण तिथे होणार आहे.

आधी लेन. साडेतीन मीटरच्या दोन लेन म्हणजे २४ पैकी ७ मीटर गेले. हे सात मीटर कुठून आले ते नकाशावर शोधा. बहुतेक वेळा ते फुटपाथमधून आलेले असतात. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकाप्रमाणे फुटपाथवर चालायला किमान १.८ मीटर मोकळी रुंदी हवी. झाड, विजेची पेटी, खांब वगळून. अशा आराखड्यांत फुटपाथ दीड मीटरचा दाखवतात आणि त्याच दीड मीटरमध्ये विजेचे खांबही उभे करतात.

या लेनच्या समर्थनार्थ एक गणित हमखास मांडलं जातं. माणूस पुढच्या गाडीपासून साधारण दोन सेकंदांचं अंतर ठेवतो, म्हणून एका लेनमधून तासाला १,८०० गाड्या जातात. यंत्र एका सेकंदावर चालवेल, म्हणजे ३,६००. गणित बरोबर आहे, पण ते द्रुतगती मार्गाचं आहे. शहरातल्या रस्त्याची क्षमता चौक ठरवतो. सिग्नलचा एक तृतीयांश वेळच हिरवा असेल तर त्या १,८०० चे ६०० होतात, मग मधल्या अर्ध्या किलोमीटरवर गाड्या कितीही चिकटून चालोत. यावर उत्तर म्हणून सिग्नलच नसलेल्या चौकाची चित्रफीत दाखवतात, चारही बाजूंच्या गाड्या न थांबता एकमेकींच्या मधून सुळकन निघून जातात. ती पुन्हा एकदा नीट बघा आणि रस्ता ओलांडणारं एकही माणूस दिसतंय का ते शोधा. (या चित्रफितींतल्या रस्त्यावर पाऊसही पडत नाही आणि केबलसाठी चरही खणलेला नसतो.)

माणसं मोजली तर हिशेब आणखी सरळ होतो. एका लेनच्या रुंदीत खाजगी मोटारींतून तासाला ६०० ते १,६०० माणसं जातात. तीच लेन बसला दिली तर ४,००० ते ८,०००. अमेरिकी शहरांच्या वाहतूक अधिकाऱ्यांच्या संघटनेचे, नॅक्टोचे, हे आकडे जगभर वापरले जातात. चालक काढून घेतल्याने मोटारीतली माणसं वाढत नाहीत. आपल्या २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणातही रस्त्याची जागा वाहनांना नव्हे, माणसांना वाटा असंच म्हटलं आहे. टिपणीत ते वाक्य घाला, उपयोगी पडतं.

आणखी एक व्यावहारिक कारण. पुण्यात २००६ च्या डिसेंबरात स्वारगेट-कात्रज मार्गावर बीआरटी सुरू झाली. बसची लेन, दर काही मिनिटांनी बस, तरीही त्या लेनमध्ये दुचाक्या घुसत राहिल्या आणि पुढे नगर रस्त्यावरचा बीआरटी मार्ग तर मोठ्या प्रमाणात काढूनच टाकला. बस धावत असताना जी लेन राखता आली नाही, ती अजून बाजारात न आलेल्या गाडीसाठी राखता येईल असं समजणं भाबडेपणाचं आहे. दुसऱ्या महिन्यात तिथे टेम्पो उभे असतील.

आता यंत्राच्या कुवतीबद्दल, कारण ‘गाड्या येतातच आहेत’ या घाईवरच असे आराखडे मंजूर होतात. १८ मार्च २०१८ ला अमेरिकेत अॅरिझोनातल्या टेंपी शहरात उबरच्या चाचणी गाडीने सायकल हातात धरून रस्ता ओलांडणाऱ्या एका महिलेला उडवलं. गाडीच्या यंत्रणेला ती धडकेच्या ५.६ सेकंद आधी दिसली होती. पण यंत्रणा तिला कधी वाहन समजली, कधी सायकल, कधी नुसतीच अनोळखी वस्तू. अपघाताच्या चौकशीत निघालं ते असं की झेब्रा क्रॉसिंग सोडून कुणी पायी रस्ता ओलांडेल हा विचारच त्या प्रणालीच्या रचनेत केलेला नव्हता. आपल्याकडे दोन चौकांच्या मधून ओलांडणं हाच नियम आहे, कारण दोन क्रॉसिंगमध्ये अर्धा-अर्धा किलोमीटर अंतर आपणच ठेवतो. हैदराबादच्या आयआयआयटीने २०१८ मध्ये भारतीय रस्त्यांच्या दहा हजार चित्रांचा संच तयार केला, तोही याच कारणासाठी: परदेशी संचांवर शिकलेल्या यंत्राला रिक्षा, जनावरं आणि रस्त्याची न सापडणारी कड यांचं काय करायचं ते कळत नव्हतं. तेव्हापासून तंत्र बरंच पुढे गेलंय. वेमो या अमेरिकी कंपनीच्या गाड्या फिनिक्समध्ये २०२० पासून आणि नंतर सॅन फ्रान्सिस्को, लॉस एंजेलिसमध्ये चालकाविना प्रवासी नेतात आणि त्यासाठी तिथल्या पालिकांनी वेगळी लेन आखलेली नाही. तुमच्या टिपणीतला सगळ्यात वजनदार मुद्दा हाच असू द्या. जी गाडी खरोखर चालते आहे, ती आहे त्या रस्त्यावर, इतरांच्या बरोबरीने चालते आहे.

म्हणून मी उलटा क्रम धरतो. रस्ता माणसांसाठी नीट करायचा. त्यावर सुरक्षित चालता येईल त्या दिवशी यंत्राने यावं. क्रम चुकला की काय होतं ते अमेरिकेने एकदा भोगलं आहे. १९२० च्या दशकात मोटारी वाढल्या, माणसं मरू लागली, तेव्हा मोटार उद्योगाने दबाव आणून रस्त्यात कुठेही ओलांडणाऱ्यालाच गुन्हेगार ठरवणारे नियम करून घेतले. विनाचालक गाड्यांसाठी तीच मागणी पुन्हा येईल: माणूस अचानक आडवा येतो, जाळ्या लावा. आपल्याला तर जाळीची आधीच आवड आहे. दुभाजकावर कंबरभर ग्रिल आणि वर स्कायवॉक. २०२२ मध्ये देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली. त्यातली सुमारे ४४ टक्के दुचाकीवरची आणि १९ टक्के पायी चालणारी होती. या दोघांना बाजूला सारून आखलेला रस्ता कुठल्याही अर्थाने भविष्यातला नाही.

आता मूळ मुद्द्याकडे. चालक नसलेल्या गाड्या शहराचं काय करतील याचा अंदाज परदेशात प्रयोग करून घ्यावा लागतो. २०१८ च्या सुमारास बर्कलीच्या संशोधकांनी सॅन फ्रान्सिस्को परिसरातल्या १३ जणांना आठवडाभर फुकट ड्रायव्हर देऊन पाहिलं. गाड्यांनी कापलेलं अंतर ८३ टक्क्यांनी वाढलं. त्यात मालक गाडीत नसताना मारलेल्या फेऱ्याही होत्या. नमुना फार छोटा आहे, आकडा जसाच्या तसा धरू नका. पण आपल्याला प्रयोगाची गरजच काय? साहेबांना ऑफिसात सोडून ड्रायव्हर गाडी परत घरी नेतो, बाईसाहेबांना बाजारात नेतो, मुलीला क्लासहून आणतो. मॉलबाहेर पार्किंग भरलं की ‘आलोच, एक चक्कर मारतो’. एका माणसाच्या ऑफिसला जाण्यायेण्यासाठी गाडीच्या चार खेपा होतात, त्यातल्या दोन रिकाम्या. आज ही चैन ड्रायव्हरचा पगार परवडणाऱ्यांपुरती आहे. यंत्र ती प्रत्येक गाडीवाल्याला देईल.

एक हिशेब करून बघा. इलेक्ट्रिक मोटार शहरात १०० किलोमीटरला साधारण १५ युनिट वीज घेते. ताशी १० किलोमीटरने रेंगाळली तर तासाला दीड युनिट, एसीचं आणखी एक धरू. अडीच युनिट, दहा रुपये दराने २५ रुपये. गर्दीच्या भागात पार्किंगचा दर तासाला याहून जास्त असेल तर रिकामी गाडी फिरत ठेवणंच स्वस्त पडणार. म्हणजे पार्किंग शुल्क वाढवण्याचं आपलं एकुलतं एक हत्यार तिथे बोथट होतं; रिकाम्या किलोमीटरवर आकार लावावा लागेल. तो अधिकार पालिकेचा नाही, पण राज्याकडे मागणी आत्ताच नोंदवून ठेवायला हरकत नाही.

अशा गाड्या उभ्या राहणार नाहीत, पण थांबणार मात्र सारख्या. म्हणून ती फुटपाथलगतची पट्टी. तुमच्या रस्त्यावर एखादी शाळा असेलच. समजा ३०० मुलं मोटारीने जातात आणि शाळा सुटल्यावर वीस मिनिटांत सगळ्यांना न्यायचंय. गाडी आत घेणं, दप्तर, पट्टा, पुन्हा बाहेर पडणं, यात दीड मिनिट तरी जातं. म्हणजे एका जागेवरून वीस मिनिटांत १३ गाड्या. तीनशेंना २३ जागा लागतील, प्रत्येकी साडेसहा मीटर, एकूण सुमारे १५० मीटर. शाळेच्या फाटकापाशी एवढी कड नसतेच, उरलेली रांग रस्त्यावर. तीच मुलं आठ बसमध्ये बसली तर चार-चार बसच्या दोन खेपांत ५० मीटरमध्ये काम उरकतं. गाडीत ड्रायव्हर आहे की नाही याने हा हिशेब बदलत नाही. फक्त, शिट्टी वाजवून ‘चला, पुढे घ्या’ म्हटल्यावर ड्रायव्हर गाडी पुढे घेतो.

तर तुमच्या २४ मीटरसाठी मी असा छेद सुचवेन. दोन्ही बाजूंना अडीच मीटरचा मोकळा फुटपाथ. त्याला लागून २.२ मीटरचा बहुउपयोगी पट्टा: झाडं, बसथांबा, रिक्षाथांबा, हातगाड्या, सामान उतरवायची जागा, दुचाकी पार्किंग आणि माणसं चढ-उतार करायची जागा, सगळं यातच आलटून पालटून. मग प्रत्येक दिशेला साडेसहा मीटरचा डांबरी रस्ता, म्हणजे बसला ३.३ मीटर आणि आतली लेन ३.२. मध्ये १.६ मीटरचा दुभाजक, ओलांडताना माणूस सायकल किंवा बाबागाडी घेऊन उभा राहू शकेल इतका. बेरीज २४. सायकलला वेगळा ट्रॅक यात बसत नाही, ओढूनताणून बसवूही नका. तिला समांतर छोट्या रस्त्यांवरून न्या आणि तिथे वेग ताशी ३० वर आणा. पुण्याने २०१६ मध्ये रस्तेरचनेची मार्गदर्शक तत्त्वं केली, त्यातले छेद ताडून पाहायला घ्या. जंगली महाराज रस्त्यावर जाऊन हा पट्टा प्रत्यक्षात कसा वापरला जातो तेही एकदा दोन तास उभं राहून बघा, संध्याकाळी सहानंतर.

पट्ट्याची एक अट: त्यात कायमचं बांधकाम नको. आज जिथे चार मोटारी दिवसभर उभ्या असतात तिथे उद्या दर मिनिटाला एक गाडी माणसं उतरवेल, परवा कदाचित बसथांबा हलवावा लागेल. पृष्ठभाग फुटपाथच्या पातळीला फरसबंदी आणि काढता येणारे खुंट, एवढं पुरेल. आणि प्रत्येक तुकड्याला क्रमांक देऊन तिथे काय चालेल, किती वाजता चालेल, याची नोंद आत्ताच जीआयएस (संगणकीय) नकाशात सुरू करा. पट्ट्याचं शुल्क उद्या आकारायचं असेल तर ही नोंदच आधार असेल.

सगळा भर मी कडेवर देतोय त्याला कारण आहे. बाकीचं फारसं तुमच्या हातात नाही. २०२३ च्या ऑगस्टमध्ये कॅलिफोर्नियाच्या राज्य आयोगाने क्रूझ आणि वेमो या विनाचालक टॅक्सीच्या कंपन्यांना सॅन फ्रान्सिस्कोत चोवीस तास पैसे घेऊन प्रवासी न्यायची मुभा दिली. शहराचा, विशेषतः अग्निशमन दलाचा, विरोध होता. बंबांच्या वाटेत गाड्या अडून राहिल्याच्या तक्रारी होत्या. शहराला नकाराधिकारच नव्हता. २ ऑक्टोबरला दुसऱ्या गाडीच्या धडकेने समोर फेकली गेलेली एक महिला क्रूझच्या गाडीखाली आली. गाडी थांबली आणि मग ‘कडेला घ्यायचं’ म्हणून तिला सुमारे वीस फूट फरफटत घेऊन गेली. क्रूझचा परवाना गेला तोही राज्याच्या खात्याकडून. आपल्याकडे मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम २ ब आलं, त्यात नव्या तंत्राच्या वाहनांना सूट द्यायचा अधिकार केंद्राला आहे. नितीन गडकरींनी चालकांच्या रोजगाराचं कारण देऊन २०१७ मध्ये आणि पुन्हा २०२३ मध्ये, अशा गाड्या येऊ देणार नाही असं जाहीर केलं होतं. धोरण बदलू शकतं. ते कुठल्याही दिशेने बदललं तरी पालिकेला विचारून बदलणार नाही. रस्त्याची कड मात्र पालिकेची आहे.

तुमच्या वीस वर्षांत चालकाविना काही धावेलच का? धावतंय की. दिल्ली मेट्रोच्या मजेंटा मार्गिकेवर २८ डिसेंबर २०२० पासून चालकाविना गाडी आहे. लंडनच्या हिथ्रो विमानतळावर २०११ पासून पॉड नावाच्या छोट्या विनाचालक गाड्या आहेत. वांद्रे-कुर्ला संकुलासाठी एमएमआरडीएने आखलेली पॉड टॅक्सीही उन्नत मार्गावरूनच जायची आहे. जिथे कुणी आडवं येत नाही तिथे यंत्र लवकर येतं. त्या न्यायाने महाराष्ट्रात रस्त्यावरची पहिली मोठी संधी शहरात नाही, समृद्धीसारख्या मार्गावर आहे: ७०१ किलोमीटर, जून २०२५ पासून पूर्ण खुला, प्रवेश नियंत्रित. तिथे चालकाविना एकामागोमाग चालणारे ट्रक आले तर इंटरचेंजपाशी त्यांचा माल छोट्या गाड्यांत घालून शहरात न्यायला जागा लागेल. तुमचं शहर अशा मार्गालगत असेल तर विकास आराखड्यात ट्रक टर्मिनलचं आरक्षण टिकवून ठेवा. मधल्या दहा वर्षांत त्यावर दुसरं काहीतरी बसवायचे प्रस्ताव येतील.

बाकी जे करायचं ते आजच्या माणसालाही उपयोगी पडणारं आहे. लेनचे पट्टे: चाकणला बनलेल्या एक्सयूव्ही ७०० सारख्या गाड्यांत २०२१ पासून लेन ओळखून स्टिअरिंग सावरणारी सोय आहे, ती रंगावर चालते. थर्मोप्लास्टिक पट्टे पावसाळ्यानंतर पुन्हा मारायची तरतूद देखभालीच्या कंत्राटातच घाला, वेगळ्या निविदेची वाट बघाल तर एप्रिल उजाडेल. सिग्नलला बॅटरीचा आधार द्या: २०२५ च्या डिसेंबरात सॅन फ्रान्सिस्कोत वीज गेली, सिग्नल विझले आणि वेमोच्या गाड्या जागोजागी थबकून राहिल्या. आपल्याकडे सिग्नल विझला की माणसं वाट काढतात, पण आंधळ्या व्यक्तीला किंवा रुग्णवाहिकेला त्या गोंधळाची किंमत आजही पडते. खोदाईचं रजिस्टर ठेवा, कुणी कुठे चर मारला आणि तो बुजवला की नाही. कागदावर असतं ते, नकाशावर आणा.

यात मी सगळ्यात वर ठेवीन ती वाहतूक बदलाची सूचना. विसर्जन मिरवणूक, पालखीचा मुक्काम, नेत्याची सभा; प्रत्येक वेळी वाहतूक शाखेचा आदेश निघतो, वर्तमानपत्रात छापून येतो आणि व्हॉट्सअॅपवर त्याचा फोटो फिरतो. कुठल्याही यंत्राला तो वाचता येत नाही. तोच आदेश रस्त्याच्या तुकड्यांचे क्रमांक आणि वेळ अशा तक्त्यात निघाला तर आजचे नकाशे, बसचं नियंत्रण कक्ष, रुग्णवाहिका, सगळे त्यावर चालतील, आणि पुढेमागे चालकाविना गाडी आली तर तीही. वाहतूक शाखेतला एक हवालदार आणि तुमच्याकडचा एक जीआयएसवाला मिळून हे करू शकतात.

सेन्सरच्या खांबांना मी नको म्हणालो कारण ते उपकरण पाच-सात वर्षांत जुनं होतं, त्याचा पुरवठादार बदलतो, आणि वेमोसारख्या गाड्या स्वतःचे सेन्सर घेऊन फिरतात. त्याऐवजी फुटपाथखाली प्लास्टिकचे (एचडीपीई) रिकामे पाइप, ठरावीक अंतरावर चेंबर आणि प्रत्येक चौकात रस्त्याच्या आरपार दोन पाइप जास्तीचे. पुढे काहीही बसवायचं झालं तरी नवा रस्ता फोडावा लागणार नाही.

राहिली पार्किंगची इमारत. शक्य असेल तर बांधूच नका; गाड्या थांबण्याऐवजी ये-जा करू लागल्या तर चौकाजवळची ती जागा आत-बाहेर करणाऱ्या गाड्यांच्या रांगेनेच चौक अडवेल. बांधायचीच असं वरून ठरलं असेल तर नकाशात तीन दुरुस्त्या सुचवा. मजले सपाट ठेवा, उताराचे नकोत. चढायचा रॅम्प इमारतीच्या बाहेरच्या बाजूला, नंतर तोडता येईल असा. आणि मजल्याची उंची सव्वादोन मीटरवर न आटपता तीन मीटर ठेवा, म्हणजे उद्या तिथे अभ्यासिका, दवाखाना किंवा वॉर्ड ऑफिस काढता येईल. खर्च वाढतो म्हणून लेखा विभाग हरकत घेईल. तेव्हा राखीव लेनच्या सात मीटरचं डांबर आणि सेन्सरचे खांब यांचे वाचलेले पैसे त्याच टिपणीत समोर मांडा.